कॉलेजच्या वर्गात म्युझिकल थिएटर कसं शिकवतात?

अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांमध्ये इंजिनिअरिंग, जीवशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकणारा विद्यार्थीसुद्धा एका सत्रासाठी म्युझिकल थिएटरचा प्राथमिक वर्ग घेऊ शकतो. त्यासाठी आधी गाणं शिकलेलं असण्याची अट बहुतेक वेळा नसते, नाचाचीही नसते. तिकडे शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना ऐच्छिक विषय निवडताना यादीत हे नाव दिसतं आणि साहजिकच प्रश्न पडतो. गाणं, नाच आणि अभिनय या तिन्ही गोष्टी एका सत्रात, म्हणजे साधारण पंधरा आठवड्यांत, कशा काय शिकणार?

तेवढ्या वेळात या तिन्ही कला येत नाहीत आणि तसा दावा कोणी करतही नाही. प्राथमिक वर्गाचा मुख्य धडा एकच असतो. बोलता बोलता पात्र अचानक गायला का लागतं, ते कारण शोधायचं आणि समोरच्याला पटेल असं गायचं. आवाजाचे व्यायाम, पावलांची मोजणी, पियानोवादकाशी बोलण्याची पद्धत हे सगळं या एका धड्यासाठी असतं. हा धडा नेमका कसा दिला जातो आणि संगीत नाटकाची परंपरा असलेल्या मराठी माणसाला त्यात नवीन काय आहे, ते पाहूया.

म्युझिकल म्हणजे नेमकं काय?

संवाद, गाणी आणि नृत्य या तिन्हींतून एकच गोष्ट सांगणारं नाटक म्हणजे म्युझिकल. न्यूयॉर्कचं ब्रॉडवे आणि लंडनचं वेस्ट एंड ही त्याची दोन मोठी केंद्रं. ऑपेरात जवळपास सगळं गाऊनच सांगितलं जातं. म्युझिकलमध्ये सहसा बोलणं आणि गाणं यांची ये-जा चालू असते. हिंदी सिनेमात गाणं गायक गातो आणि नट ओठ हलवतो, इथे मात्र नटाला स्वतः गावं लागतं.

सुरुवातीच्या अमेरिकन संगीत कार्यक्रमांमध्ये गाणी आणि विनोदी प्रसंग एकामागून एक यायचे. त्यांचा गोष्टीशी संबंध असलाच पाहिजे असं नव्हतं. १९२७ साली आलेल्या 'शो बोट'ने वर्णभेद आणि मोडलेले संसार यांसारखे गंभीर विषय म्युझिकलमध्ये आणले. १९४३ साली रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचं 'ओक्लाहोमा!' आलं. गाणं संपल्यावर गोष्ट पुढे सरकलेली असावी आणि नाचातूनही पात्राच्या मनातलं कळावं, ही अपेक्षा या नाटकाने पक्की केली. त्याचे सलग २,२१२ प्रयोग झाले. पुढे १९५७ चं 'वेस्ट साइड स्टोरी', १९७५ चं 'अ कोरस लाइन' आणि २०१५ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं 'हॅमिल्टन' अशी ही वाट रॅप संगीतापर्यंत पोहोचली.

कॉलेजच्या वर्गात हा इतिहास थोडक्यात सांगतात, कारण त्याचा थेट उपयोग असतो. गाणं कोणत्या काळातलं आहे, त्यावर ते गाण्याची पद्धत ठरते.

मराठी संगीत नाटकापेक्षा हे वेगळं कसं?

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यामुळे नाटकात गाणं असणं मराठी प्रेक्षकाला मुळीच नवं नाही. 'मानापमान', 'स्वयंवर' ही नावं आजही घरोघरी माहीत आहेत. फरक आहे तो गाण्याने काय काम करायचं, यात.

संगीत नाटकातली पदं पुढे रागदारीच्या अंगाने रंगत गेली. बालगंधर्वांच्या काळात प्रेक्षक 'वन्स मोअर' द्यायचे आणि तेच पद पुन्हा, वेगळ्या आलापतानांनी गायलं जायचं. तेवढा वेळ कथा थांबायची आणि त्याचं कोणाला वाईट वाटायचं नाही. लोक मैफलीचा आनंदही घ्यायला आलेले असायचे. म्युझिकलमध्ये अशी मोकळीक फारच थोडी. गाण्याची लांबी, पट्टी आणि वाद्यांच्या जागा कागदावर ठरलेल्या असतात. प्रकाशयोजना आणि नेपथ्याचे बदलही त्याच मापांवर बेतलेले असतात.

मराठी रंगभूमीवरही गाण्याने गोष्ट पुढे नेल्याची उदाहरणं आहेत. १९६७ साली आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये गायकीच नाटकाच्या संघर्षाच्या केंद्रस्थानी आहे. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून 'तीन पैशाचा तमाशा' केलं, तेव्हा त्यातली गाणीही कथेवर भाष्य करत होती. गोव्यातल्या कोकणी तियात्रात तर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. काही गाणी कथानकाचा भाग असतात, तर 'कांतारां' कथानकाबाहेरची, प्रवेशांच्या मध्ये येणारी आणि बरेचदा चालू घडामोडींवर टोले मारणारी असतात.

हा वर्ग कोणासाठी असतो?

अमेरिकेत या विषयाच्या शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट पूर्णवेळ पदवीची. तिथे प्रवेशासाठी ऑडिशन होते आणि चार वर्षं गायन, अभिनय, बॅले, टॅप, जॅझ, संगीतलेखन वाचणं असं कसून शिक्षण मिळतं. सिनसिनाटी विद्यापीठातला म्युझिकल थिएटरचा पदवी अभ्यासक्रम देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जातो. पिट्सबर्गच्या आजच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९१४ सालापासून नाट्यकलेचं पदवी शिक्षण मिळतं.

दुसरी वाट एका सत्राच्या प्राथमिक वर्गाची. त्यात पुढे नट व्हायचं ठरवलेली मुलं असतात आणि केवळ श्रेयांकांसाठी आलेलीही असतात. शाळेतल्या नाटकात काम केलेला विद्यार्थी आणि न्हाणीघराबाहेर कधीच न गायलेली विद्यार्थिनी एकाच वर्गात बसतात. त्यामुळे गुण केवळ आवाजावर देणं योग्य ठरत नाही. उपस्थिती, तयारी, सूचना दिल्यावर बदल करण्याची तयारी, लेखी टिपणं आणि सत्राच्या शेवटचं सादरीकरण अशा गोष्टींवर मूल्यमापन होतं.

पहिला धडा: गाणं आधी बोलून दाखवायचं

नवा विद्यार्थी गाणं निवडतो, चाल पाठ करतो आणि गायला तयार होऊन येतो. शिक्षक सांगतात, 'चाल बाजूला ठेव. हेच शब्द आम्हाला बोलून दाखव.' इथे बहुतेकांची गाडी अडते. चालीशिवाय शब्द हातात आले की आपल्याला त्यांचा अर्थ नीट ठाऊक नाही, हे लक्षात येतं.

मग काही ठरलेले प्रश्न येतात. मी कोण आहे? कोणाशी बोलतोय? मला त्याच्याकडून काय हवंय? ते मिळण्यात अडचण काय आहे? गाणं सुरू होण्याच्या क्षणभर आधी काय घडलं? आणि गाणं संपेपर्यंत माझ्यात काय बदललं?

हे प्रश्न रशियन दिग्दर्शक कॉन्स्टॅन्टिन स्टॅनिस्लाव्हस्की यांच्या अभिनयपद्धतीतून आले आहेत. स्टॅनिस्लाव्हस्कींचं नाव गद्य नाटकाशी जोडलं जातं, पण १९१८ पासून त्यांनी मॉस्कोत बोल्शॉय थिएटरच्या ऑपेरा गायकांबरोबरही काम केलं. गाणाऱ्या माणसालाही अभिनयाची हीच शिस्त लागते, असं त्यांना वाटत होतं. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड क्रेग यांनी अनेक वर्षं नटांना रंगमंचावर गायला शिकवलं. त्यांची पद्धत अमेरिकेतल्या शिक्षकांमध्ये आजही चर्चेत असते.

एक साधं काल्पनिक उदाहरण घेऊ. घर सोडून निघालेली मुलगी बॅग भरते आहे आणि दारात धाकटा भाऊ उभा आहे. तिच्या गाण्यात 'मी उद्या जाणार' ही ओळ तीनदा येते. नवखी गायिका ती तीनही वेळा सारखीच गाते, फार तर तिसऱ्यांदा मोठ्याने. शिक्षक तिला प्रत्येक वेळेसाठी एक क्रियापद ठरवायला लावतात. पहिल्यांदा ती भावाला बजावते, दुसऱ्यांदा त्याची समजूत घालते, तिसऱ्यांदा स्वतःलाच धीर देते. सूर तेच राहतात, पण ऐकणाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात.

'दुःखी होऊन गा' ही सूचना चांगले शिक्षक टाळतात. दुःख ठरवून आणता येत नाही, आणलं तर ते खोटं दिसतं. बजावणं, विनवणं, टाळणं, चिडवणं मात्र करता येतं. भावना त्या कृतीच्या मागून येते.

गाण्याचा नकाशा

ब्रॉडवेच्या जुन्या गाण्यांत एक साचा पुन्हा पुन्हा दिसतो. मुख्य भाग बत्तीस मात्राखंडांचा, त्याचे आठ-आठचे चार तुकडे. पहिल्या दोन तुकड्यांची चाल सारखी, तिसऱ्याची वेगळी आणि चौथ्यात पुन्हा पहिली चाल. आपल्याकडच्या गाण्यातला अंतरा संपून ध्रुवपद परत येतं, त्याच्याशी हे ढोबळमानाने ताडून पाहता येईल. चाल बदलते तिथे बहुधा विचारही बदलतो. म्हणून विद्यार्थ्याने कागदावर ती जागा खूण करून ठेवायची असते.

नाटकात गाणं कुठे येतं, हेही महत्त्वाचं. अनेक म्युझिकलमध्ये सुरुवातीच्या भागात मुख्य पात्र आपल्याला आयुष्याकडून काय हवंय ते गाऊन सांगतं. हे गाणं फसलं तर पुढच्या दोन तासांत प्रेक्षक त्या पात्राच्या बाजूने उभा राहणं अवघड होतं.

नवख्यांना सर्वांत जड जातात त्या गाण्यातल्या रिकाम्या जागा. सुरुवातीला पियानो एकटा वाजतो, मध्ये चार मात्राखंड शब्द नसतात, शेवटचा सूर संपल्यावरही वाद्य चालू राहतं. तेव्हा काय करायचं? बहुतेक जण जमिनीकडे बघतात, पुढच्या ओळीची वाट पाहतात किंवा शेवटचा सूर लागताच सुटकेचा निःश्वास टाकतात. वर्गात शिकवतात की पात्र गात नसतं तेव्हाही विचार करत असतं. पुढची ओळ म्हणावीशी का वाटली, ते कारण त्याच रिकाम्या जागेत जन्माला येतं.

आवाजाचं काय?

पंधरा आठवड्यांत गळा तयार होत नाही. पण आवाज वापरायचा कसा आणि बिघडवायचा नाही कसा, एवढं शिकता येतं. श्वास घेताना खांदे उचलायचे नाहीत, बरगड्या आणि पोट मोकळं ठेवायचं, ओठ फुर्रकन थरथरवत सूर लावायचा, बारीक नळीतून गुणगुणायचं अशा व्यायामांनी तास सुरू होतो. नळीच्या व्यायामात तोंडाजवळ थोडा विरुद्ध दाब तयार होतो आणि स्वरतंतूंवर कमी ताण येऊन त्यांचं कंपन सुलभ होतं.

पुढचा भाग आवाजाच्या प्रकारांचा. बोलण्याच्या जवळचा, छातीत घुमणारा आवाज. वरच्या पट्टीत जाणारा हलका आवाज. या दोन्हींचा मिलाफ. आणि बेल्टिंग, म्हणजे बोलण्यातली ठसठशीत धार कायम ठेवून वरच्या सुरात खणखणीत गाणं. मायक्रोफोन नसलेल्या काळात वाद्यवृंदाच्या वर आवाज पोहोचवण्यासाठी ही पद्धत उपयोगी ठरली. १९३० साली 'गर्ल क्रेझी'मधून पुढे आलेल्या एथेल मर्मन यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं आहे.

धोकाही इथेच असतो. मोबाइलवर एखाद्या नामवंत अभिनेत्रीचा उंच सूर ऐकून तो घशाच्या जोरावर गाठायचा प्रयत्न केला तर आवाज बसतो. असं वारंवार झालं तर स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. म्हणून दुखलं की थांबायचं, हा नियम पहिल्याच आठवड्यात सांगितला जातो. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांनंतरही गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.

हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांना आणखी एक सवय बदलावी लागते. आपल्याकडे गायक आपल्या गळ्याप्रमाणे षड्ज ठरवतो आणि हार्मोनियमची साथ त्याच्यामागे जाते. म्युझिकलमध्ये कागदावरची पट्टी बहुधा पक्की असते. आलाप, हरकत, मुरकी यांना जागा नसते किंवा असली तर ती लिहिलेली असते. सुराची आणि लयीची तयारी मात्र अशा विद्यार्थ्यांच्या फार कामी येते.

आणि ज्यांना गाता येत नाही त्यांचं काय? 'माय फेअर लेडी' १९५६ साली ब्रॉडवेवर आलं. ते बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वर आधारलेलं आहे. याच नाटकावरून पु. लं.नी 'ती फुलराणी' लिहिलं. त्या म्युझिकलमध्ये प्राध्यापक हिगिन्सची भूमिका करणारे रेक्स हॅरिसन प्रशिक्षित गायक नव्हते. त्यांनी गाणी बरीचशी बोलल्यासारखी, पण चोख लयीत म्हटली. या भूमिकेसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. काय म्हणायचं आहे ते नेमकं ठाऊक असेल तर मर्यादित गळ्यानेही काम होतं, हे वर्गात पटवून द्यायला एवढं एक उदाहरण पुरतं.

पावलं, हात आणि नजर

नाचाचे तास आठाच्या मोजणीवर चालतात. शिक्षक एक ते आठ मोजत हालचालींचा तुकडा दाखवतात, विद्यार्थी तो उचलतात, मग दुसरा तुकडा जोडतात. चार पावलांत जमिनीवर चौकोन काढणारी 'जॅझ स्क्वेअर' ही चाल बहुतेक नवख्यांच्या वाट्याला लवकर येते. उत्तम नर्तक होणं हा इथला उद्देश नसतो. पाहिलेली हालचाल लवकर लक्षात ठेवणं, चुकलं तरी न थांबता पुढच्या एकावर परत येणं आणि शेजाऱ्याला धडकू न देणं, एवढं जमलं तरी बरंच साधलं.

नाचापेक्षाही स्थिर उभं राहणं कठीण असतं. नवखा विद्यार्थी प्रत्येक शब्दाला हातवारे करतो. मन म्हटलं की हात छातीवर, आकाश म्हटलं की बोट वर. यावर उपाय म्हणून काही शिक्षक संपूर्ण गाणं हात न हलवता गायला लावतात. मग जो हात अगदी राहवलं नाही म्हणून उचलला जातो, तेवढाच ठेवायचा.

नजरेचंही तसंच. एकट्याने गाताना ज्याच्याशी बोलतोय ते पात्र समोर नसतं. ते समोर बसलेल्यांच्या डोक्यांच्या किंचित वर उभं आहे असं धरून तिथे पाहायचं. परीक्षकाच्या डोळ्यांत डोळे घातले तर त्याला पाहणारा राहता येत नाही, तो नाटकात ओढला जातो.

सोळा मात्राखंडांची ऑडिशन

अमेरिकेत ऑडिशनला पूर्ण गाणं क्वचितच ऐकतात. बत्तीस किंवा सोळा मात्राखंडांचा तुकडा मागतात. चार मात्रांचा एक खंड आणि मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर सोळा खंड ३२ सेकंदांत संपतात. लय मिनिटाला ८० मात्रांची असली तर ४८ सेकंद मिळतात. एवढ्यात पात्र उभं करायचं असतं. म्हणून तुकडा निवडणं हीसुद्धा वर्गात शिकवली जाणारी गोष्ट आहे. सर्वांत उंच सूर आहे म्हणून तो भाग निवडण्यापेक्षा, ज्यात पात्राचा काही निर्णय होतो असा भाग निवडावा.

पियानोवादकाशी वागण्याचे काही नियमही इथेच शिकतात. स्वरलेखनाची पानं फाइलमध्ये नीट लावलेली हवीत, कुठून सुरू करायचं, कुठे उडी मारायची आणि कुठे थांबायचं ते स्पष्ट दाखवलेलं हवं. लय सांगायला चुटक्या वाजवू नयेत, ते उद्धट वाटतं. एखादी ओळ हळू आवाजात गुणगुणून दाखवावी. संपल्यावर आभार मानावेत. पियानोवादकाने ते गाणं तुमच्यासोबत पहिल्यांदाच वाजवलेलं असतं आणि त्या अर्ध्या मिनिटात तोच तुमचा एकमेव सहकारी असतो.

कोणती भूमिका कोणाची?

वर्गात आणखी एक प्रश्न येतो, विशेषतः भारतीय आणि इतर स्थलांतरित घरांतल्या विद्यार्थ्यांसमोर. या नाटकांमध्ये माझ्यासारखं कोण आहे?

ब्रॉडवेवर हा वाद जुना आहे. 'मिस सायगॉन' लंडनहून न्यूयॉर्कला येणार होतं, तेव्हा त्यातल्या युरेशियन पात्रासाठी जोनाथन प्राइस या गोऱ्या ब्रिटिश नटाची निवड झाली होती. १९९० साली अमेरिकन नटांच्या 'ॲक्टर्स इक्विटी' संघटनेने आधी त्यांना परवानगी नाकारली आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला. नाटक १९९१ मध्ये त्यांच्यासह ब्रॉडवेवर आलं. आशियाई कलाकारांना संधी कधी मिळणार, हा प्रश्न मात्र तेव्हापासून चर्चेत राहिला. 'हॅमिल्टन'ने अमेरिकेच्या संस्थापक नेत्यांच्या भूमिका कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या नटांना देऊन एक वेगळं उत्तर दिलं. ए. आर. रहमान यांचं संगीत असलेलं 'बॉम्बे ड्रीम्स' २००२ साली लंडनमध्ये आणि २००४ साली ब्रॉडवेवर आलं, पण अशी नाटकं अजून मोजकीच आहेत.

वर्गात तिकीटबारी नसते. त्यामुळे एरवी जी भूमिका कधीच मिळणार नाही, ती तिथे करून पाहता येते. पण दुसऱ्या वंशाच्या अनुभवावरच उभं असलेलं गाणं कोणी म्हणावं, यावर शिक्षक आणि विद्यार्थ्यांना मोकळेपणाने बोलावं लागतं. उच्चारांचंही तेच. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचले पाहिजेत, ही अपेक्षा रास्त आहे. प्रत्येक पात्राने एकाच अमेरिकन ढबीत बोललं पाहिजे, असं त्यातून ठरत नाही.

परवानगी कधी लागते?

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेच्या वर्गात समोरासमोर शिकवताना केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे. म्हणूनच वर्गात कोणतंही गाणं करून पाहता येतं. बाहेरच्या प्रेक्षकांसाठी संपूर्ण म्युझिकल करायचं असेल तर 'म्युझिक थिएटर इंटरनॅशनल' किंवा 'कॉनकॉर्ड थिएट्रिकल्स' यांसारख्या संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो. परवाना मिळाला तरी शब्द बदलणं किंवा गाणं गाळणं यासाठी वेगळी संमती लागते. भाषांतर करायचं असेल तर तेही आधी विचारावं लागतं.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही शैक्षणिक संस्थेतल्या प्रयोगांना सवलत आहे. मात्र त्यासाठी प्रेक्षक म्हणजे संस्थेतले विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्तीच असायला हव्यात. तिकीट लावून नाट्यगृहात प्रयोग केला की हिशेब बदलतो.

महाराष्ट्रात राहून काय करता येईल?

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स इथे नाट्यशिक्षण मिळतं. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. कॉलेजच्या मुलांसाठी पुण्याची फिरोदिया करंडक स्पर्धा या विषयाच्या बरीच जवळ जाते, कारण तिथे नाट्य, गायन, वादन, नृत्य, चित्रकला अशा कला एकाच सादरीकरणात गुंफायच्या असतात. ब्रॉडवे पद्धतीचे मोठे प्रयोग पाहायचे असतील तर २०२३ पासून मुंबईतल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक', 'वेस्ट साइड स्टोरी' यांसारखी नाटकं येऊन गेली आहेत.

घरी सुरुवात करायला मात्र यातलं काही लागत नाही. आवडतं नाट्यपद किंवा नाटकातलं कोणतंही गाणं घ्यावं. त्याचे शब्द कागदावर लिहून चालीशिवाय, समोरच्या रिकाम्या खुर्चीला उद्देशून बोलावेत. खुर्चीवर कोण बसलंय आणि त्याच्याकडून काय हवंय, ते ठरवावं. प्रत्येक ओळीपुढे एक क्रियापद लिहावं. ज्या ओळीपुढे काहीच सुचत नाही, तिथे पेन्सिलीने गोल करावा. सराव नेमका त्या ओळीपासून सुरू करायचा.